आर्चबिशपना पत्र लिहायचंय? लोक वारंवार विचारतात ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं

दर रविवारी मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या मुख्य प्रार्थनाविधीनंतर, मी आमच्या पॅरिशच्या, म्हणजे आमच्या भागातल्या कॅथलिक चर्चच्या, ऑफिसात दोन तास बसते, लोकांना अर्ज लिहून द्यायला. त्यात बरेच जण थेट म्हणतात, ‘आर्चबिशपनाच लिही, एकदाच काय तो निकाल लागू दे.’ दहातली आठ पत्रं तिथे जायचीच नसतात. ती जातात, फिरून परत पॅरिशमध्ये येतात, आणि तेवढ्यात लग्नाची तारीख नाहीतर व्हिसाची मुदत डोक्यावर आलेली असते. म्हणून हे लिहून काढलं. मी चर्चच्या कायद्याची वकील नाही, पण तो कायदा, म्हणजे कॅनन लॉ, वाचलाय आणि जे खात्रीचं आहे तेवढंच लिहिलंय. उदाहरणं मुख्यतः मुंबई, वसई आणि गोव्याची आहेत कारण विचारणारे तिथलेच.

१. आर्चबिशप म्हणजे सगळ्या बिशपांचे साहेब ना?

नाही. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. बिशपच्या कारभाराखालचा भाग म्हणजे धर्मप्रांत, आर्चबिशपच्या भागाला महाधर्मप्रांत म्हणतात. आर्चबिशप आधी स्वतःच्या महाधर्मप्रांताचे बिशप असतात, म्हणजे मुंबईचे आर्चबिशप मुंबईपुरते जे काम करतात तेच काम वसईचे बिशप वसईपुरतं करतात आणि अधिकारही तेवढेच. फरक एवढाच की आजूबाजूचे काही धर्मप्रांत मिळून एक प्रांत होतो आणि त्याचं मुख्यपद आर्चबिशपकडे असतं, त्याला मेट्रोपॉलिटन म्हणतात. मुंबईच्या प्रांतात पुणे, नाशिक आणि वसई हे धर्मप्रांत येतात.

पण या मुख्यपदाचे अधिकार मोजकेच. शेजारच्या धर्मप्रांतात श्रद्धा आणि शिस्त नीट पाळली जातेय की नाही यावर लक्ष ठेवायचं आणि गैरप्रकार दिसला तर पोपना कळवायचं. तिथल्या बिशपनी पॅरिशच्या भेटी टाळल्या तर, तेही रोमने मान्यता दिल्यावर, त्या भेटी स्वतः करायच्या. पद रिकामं झालं आणि तिथल्या धर्मगुरूंनी मुदतीत प्रशासक निवडला नाही तर तो नेमायचा. बस. कॅनन ४३६ मध्ये (कॅनन म्हणजे त्या कायद्याचं कलम) हे स्पष्ट लिहिलंय. वसईच्या बिशपनी एका फादरची बदली केली आणि ती मुंबईच्या आर्चबिशपनी रद्द केली, असं होत नाही.

२. मग माझे आर्चबिशप कोण हे मला कसं कळणार?

सगळ्यात सोपं, मिस्सा नीट ऐका. ख्रिस्तप्रसादाच्या मोठ्या प्रार्थनेत पोपच्या नावानंतर एक नाव घेतात ना, ते तुमच्या बिशपचं. वसईत मुंबईच्या आर्चबिशपचं नाव त्या जागी येत नाही, वसईच्या बिशपचंच येतं. तुमचं पत्र त्याच नावाला जायला हवं. हा नियम मी सगळ्यांना सांगते कारण तो चुकत नाही.

नकाशाच हवा असेल तर महाराष्ट्रात लॅटिन रीतीचे दोन महाधर्मप्रांत आहेत, मुंबई आणि नागपूर. अमरावती आणि औरंगाबाद हे धर्मप्रांत नागपूरच्या प्रांतात येतात. आणि सिंधुदुर्ग धर्मप्रांत, ज्यात सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि कोल्हापूर हे जिल्हे आहेत, तो २००५ साली पुण्यातून वेगळा झाला आणि गोव्याच्या प्रांतात गेला. म्हणजे सावंतवाडीचा माणूस महाराष्ट्रातला असला तरी त्याचे मेट्रोपॉलिटन पणजीला बसतात. कोल्हापूरच्या एका मुलाने मला विचारलं होतं की मुंबईला लिहू का, त्याला म्हटलं बाबा मुंबईत तुझं काहीच नाही.

सिरो-मलबार रीतीच्या लोकांची, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक केरळी कॅथलिकांची, रचना वेगळी आहे. त्यांनी आपल्या रीतीच्या फादरनाच विचारावं, जवळ लॅटिन चर्च असलं म्हणून अधिकार तिकडे जात नाही.

३. वसई तर महाधर्मप्रांत नाही, मग मच्याडो यांना आर्चबिशप का म्हणायचे?

वसईकरांचा हक्काचा प्रश्न! वसई धर्मप्रांत १९९८ साली मुंबईतून वेगळा झाला, थॉमस डाबरे पहिले बिशप. २००९ मध्ये ते पुण्याला गेले आणि फेलिक्स मच्याडो वसईला आले, त्यांना आर्चबिशप ही पदवी व्यक्तिगत म्हणून दिलेली होती. पदवी माणसाला, जागेला नाही. त्यांच्या काळातही वसई धर्मप्रांतच राहिला आणि मुंबईच्या प्रांतातच राहिला. जुन्या कागदांवर ‘आर्चबिशप, वसई’ दिसलं म्हणून वसई महाधर्मप्रांत होता असं लिहू नका, मी दोन स्मरणिकांमध्ये ही चूक बघितलीय आणि एकदा छापलं की ते पुढच्या पिढीला खरं वाटतं.

४. कार्डिनल झाले की आर्चबिशपचं काम सुटतं का?

नाही. कार्डिनल हा मान पोप देतात आणि मुख्य जबाबदारी म्हणजे नवीन पोप निवडायचे, तेही वय ८० पूर्ण होईपर्यंत. घरचं काम तसंच चालू असतं. व्हॅलेरियन ग्रेशियस १९५३ साली पहिले भारतीय कार्डिनल झाले तेव्हा ते मुंबईचे आर्चबिशप होतेच आणि १९७८ पर्यंत राहिले. मे २०२५ च्या निवडणुकीत गोव्याचे कार्डिनल फिलिप नेरी फेर्राव यांनी मत दिलं, पण मुंबईच्या ओस्वाल्ड ग्रेशियस यांना देता आलं नाही कारण डिसेंबर २०२४ मध्येच त्यांना ८० पूर्ण झाली होती. आणि प्रत्येक आर्चबिशप कार्डिनल होतोच असंही नाही.

५. आर्चबिशप दिवसभर नेमकं करतात तरी काय? आम्हाला तर फक्त सणाला दिसतात.

सणाला दिसतात ते काम सगळ्यात छोटं. रोजचं धरलं तर मिस्सा, दिवसाच्या ठरलेल्या वेळच्या प्रार्थना, आणि मग भेटी, बैठका, फाइली. रविवारी आणि मोठ्या सणांना त्यांनी आपल्या सगळ्या लोकांसाठी म्हणून मिस्सा अर्पण करायचीच असते, हे बंधन कायद्यात आहे (कॅनन ३८८). कोणी पैसे देऊन त्या मिस्साचा हेतू बदलू शकत नाही. मला ही गोष्ट फार आवडते, की आपण झोपलेले असलो तरी दर रविवारी एक मिस्सा आपल्या नावावर असते.

वर्षाचं चक्र बघा. पवित्र आठवड्यात ते सगळ्या धर्मगुरूंसोबत तेलाची मिस्सा करतात, त्यात आशीर्वादित झालेलं तेल वर्षभर प्रत्येक पॅरिशमध्ये स्नानसंस्काराला (बाप्तिस्म्याला), दृढीकरणाला, आजाऱ्यांना लावायला जातं. गुरुदीक्षा, म्हणजे फादर होण्याचा संस्कार, बिशपच देऊ शकतात, दुसरं कोणी नाही. दृढीकरण म्हणजे कन्फर्मेशन, बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करायचा संस्कार, साधारणपणे तेच देतात, आणि मुंबईत कॅथलिक पाच लाखांच्या आसपास आहेत तेव्हा सहायक बिशप वाटून घेतात म्हणून तरी ते जमतं. शिवाय पॅरिश भेट. दरवर्षी काही पॅरिश अशा करत पाच वर्षांत सगळा धर्मप्रांत फिरून व्हायला हवा. ही भेट म्हणजे नुसता हार आणि फोटो नसतो, स्नानसंस्काराची आणि लग्नाची रजिस्टरं बघितली जातात, हिशेब बघितले जातात, आजारी माणसांच्या घरी जातात. तुमच्याकडे भेट ठरली असेल तर बोलायची तीच वेळ, पत्रापेक्षा कितीतरी चांगली.

मग रोमचं काम. पाच वर्षांनी धर्मप्रांताचा पूर्ण अहवाल पाठवायचा आणि स्वतः जाऊन पोपना भेटायचं, पेत्र आणि पौल यांच्या कबरींवर प्रार्थना करायची. आणि रजा? वर्षात एक महिन्यापेक्षा जास्त धर्मप्रांताबाहेर राहायचं नाही, सलग असो की तुकड्या तुकड्यांनी. रोमची भेट आणि बिशपांच्या परिषदा यातून वगळल्यात.

उरलेला वेळ कागदांत जातो. नेमणुका, बदल्या, परवानग्या, ट्रस्टच्या सह्या, सरकारी कार्यालयांना पत्रं, सेमिनरीच्या मुलांचे अहवाल. महत्त्वाच्या गोष्टीत एकट्याने ठरवायचं नसतं, धर्मगुरूंचं मंडळ असतं, सल्लागार मंडळ असतं (६ ते १२ धर्मगुरू), आणि अर्थसमिती प्रत्येक धर्मप्रांतात सक्तीची आहे, तिच्यात निदान तीन जाणकार माणसं लागतात आणि ती प्रापंचिकही, म्हणजे फादर-सिस्टर नसलेली साधी माणसंही, असू शकतात. तुमच्या ओळखीत चांगला सीए असेल तर त्याला सांगा, अशी माणसं लागतात.

६. आमचं पत्र ते स्वतः वाचतात का? की सेक्रेटरीच फाडून टाकतो?

फाडत कोणी नाही. मुंबईच्या आर्चबिशप हाउसला, कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलजवळ, किंवा कुठल्याही बिशप हाउसला पत्र गेलं की साधारण असं होतं: सेक्रेटरी फादर उघडतात, विषय बघतात, आणि ज्याचं काम त्याच्याकडे जातं. लग्नाच्या परवानग्या आणि दाखले चान्सलरकडे (धर्मप्रांताचे कागद सांभाळणारे अधिकारी), पॅरिशच्या कारभाराचं व्हिकर जनरलकडे (कारभारात बिशपच्या खालोखालचे फादर), लग्न रद्द ठरवण्याचं चर्चच्या न्यायालयाकडे, शाळेचं शिक्षण मंडळाकडे. व्हिकर जनरलना बिशपचेच कारभाराचे अधिकार असतात, तेव्हा त्यांची सही आली म्हणून ‘आर्चबिशपनी बघितलंच नाही’ असं समजून रागावू नका.

एक गोष्ट मात्र बघा. कायदेशीर परिणाम होणारा कोणताही आदेश असेल तर त्यावर बिशप किंवा व्हिकर जनरल यांच्या सहीसोबत चान्सलर किंवा नोटरीची पण सही लागते. आणि पत्रावर वर जो नंबर असतो तो उतरवून ठेवा, पुढच्या प्रत्येक पत्रात तो घाला, अर्धं काम तिथेच होतं.

फक्त त्यांनीच वाचावं असं असेल तर पाकिटावर ‘व्यक्तिगत आणि गोपनीय’ लिहा, आत दुसरं बंद पाकीट ठेवा. फार नाजूक कागदांसाठी वेगळं गुप्त कपाट असतं आणि त्याची किल्ली फक्त बिशपकडे असते, हेही कायद्यातच आहे.

७. मायना काय लिहायचा? इंग्रजीतच लिहावं लागतं का?

मराठीत लिहा की! मुंबई, वसई, पुणे, नाशिक, सगळीकडे मराठी वाचणारी माणसं आहेत. कार्डिनल सायमन पिमेंटा तर मरोळच्या मातीतले होते. मराठीत ‘आदरणीय आर्चबिशप’ पुरेसं आहे, आमच्याकडची जुनी माणसं ‘महागुरुस्वामी’ पण लिहितात. इंग्रजीत आर्चबिशपला ‘युवर ग्रेस’ आणि कार्डिनलला ‘युवर एमिनन्स’. चुकलं तरी कोणी पत्र परत पाठवत नाही.

त्यापेक्षा आतला मजकूर नीट असू दे. एका पानात मावलं पाहिजे. पहिल्या ओळीत तुम्ही कोण आणि कुठल्या पॅरिशचे, दुसऱ्या ओळीत काय हवंय, मग काय घडलं ते तारखांसकट, मग आतापर्यंत कोणाला भेटलात आणि त्यांनी काय सांगितलं. शेवटी पूर्ण नाव, पत्ता, फोन. निनावी पत्र लिहू नका, त्याला उत्तर कुठे पाठवणार? लोक तीन पानं दुःख लिहितात आणि मागणी कुठेच नसते, वाचणाऱ्याला कळत नाही की नक्की करायचं काय. दुःख खरं असतं हो, मला माहितीय, लिहिताना डोळ्यांतून पाणी येतं काहींच्या, पण मागणी आधी लिहा आणि मग दुःख लिहा.

मूळ कागद कधीच पाठवू नका, झेरॉक्स पाठवा. माझ्या मावशीने एका कार्यालयात मूळ लग्नाचा दाखला दिला होता, तो तिथे हरवला आणि दुसरा काढायला आठ महिने गेले.

८. सहीच्या आधी + असं चिन्ह का असतं? आणि ती गोंड्यांची टोपी?

तो अधिक नाही, क्रूस आहे, बिशप आपल्या नावाआधी काढतात. लेटरहेडवरच्या चिन्हात हिरव्या टोपीला दोन्ही बाजूंना सहा-सहा गोंडे असतील तर बिशप, दहा-दहा असतील तर आर्चबिशप. लाल टोपी आणि पंधरा-पंधरा म्हणजे कार्डिनल. आर्चबिशपच्या चिन्हात क्रूसाला दोन आडव्या पट्ट्या असतात. मुलांना मोजायला सांगा, मजा येते त्यांना.

९. कॅनडाच्या कामासाठी स्नानसंस्काराचा दाखला हवाय, आर्चबिशप हाउसला अर्ज करू का?

नको. दाखला जिथे स्नानसंस्कार झाला त्याच पॅरिशमधून मिळतो, मूळ रजिस्टर तिथे आहे. तुम्ही आता मिरा रोडला राहता पण संस्कार गिरगावात झाला, तर गिरगावात जा. त्याच नोंदीच्या समासात पुढे दृढीकरण, लग्न, गुरुदीक्षा हे सगळं लिहिलेलं असतं, म्हणून लग्नासाठी नेहमी नवा काढलेला दाखला मागतात, तुमच्या ट्रंकेतला चाळीस वर्षांपूर्वीचा चालत नाही.

परदेशी काही ठिकाणी पॅरिशच्या फादरची सही खरी आहे असं चान्सलर ऑफिसने साक्षांकित केलेलं मागतात. तेव्हा आधी पॅरिशचा दाखला घ्या आणि तो घेऊन चान्सलरकडे जा, हा क्रम उलटा होत नाही. नावात चूक असेल, म्हणजे ‘डिसोजा’चं स्पेलिंग वगैरे, तर ती दुरुस्तीपण पॅरिशपासूनच सुरू होते, सोबत जन्मदाखला आणि आधार न्या. आणि एक विनंती, फ्लाइटच्या आदल्या आठवड्यात नका जाऊ.

१०. मुलगी कॅथलिक, मुलगा हिंदू. चर्चमध्ये लग्न करायला आर्चबिशपची परवानगी लागते म्हणतात, खरं का?

लागते, पण तुम्ही कुलाब्याला जाऊन रांग लावायची नाही. तुमच्या पॅरिशच्या फादरना भेटा, फॉर्म तेच भरून पाठवतात, आणि मंजुरी बिशप किंवा व्हिकर जनरल देतात.

यात दोन प्रकार आहेत आणि फरक महत्त्वाचा आहे. समोरचा माणूस बाप्तिस्मा झालेला पण कॅथलिक नाही, म्हणजे प्रोटेस्टंट वगैरे, तर ‘परवानगी’ लागते. ती न घेता लग्न लागलं तर नियमभंग आहे पण लग्न वैध. समोरचा माणूस हिंदू, मुस्लिम, बौद्ध, जैन, म्हणजे बाप्तिस्मा झालेलाच नाही, तर ‘सूट’ लागते आणि ती नसेल तर चर्चच्या दृष्टीने लग्नच झालं नाही. म्हणून ‘नंतर बघू’ चालत नाही.

कॅथलिक बाजूने लिहून द्यावं लागतं की मी माझी श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी माझ्याकडून होईल ते सगळं करीन. दुसऱ्या बाजूने धर्म बदलायची अट नाही, त्याला फक्त या वचनाची कल्पना द्यायची असते. हे मी प्रत्येक सासूबाईंना शांतपणे सांगते कारण भीती तिथेच असते. तारीख ठरवायच्या कितीतरी महिने आधी फादरना भेटा, हॉल बुक करून मग नाही.

११. माझं लग्न मोडलंय, आर्चबिशपनी ते रद्द करून दुसरं लग्न करू द्यावं म्हणून पत्र लिहिलं. काहीच झालं नाही.

कारण हे पत्राने होत नाही, खटल्याने होतं. धर्मप्रांताचं किंवा महाधर्मप्रांताचं न्यायालय असतं, तिथे अर्ज, साक्षी, कागद, सगळं रीतसर. आणि ‘रद्द करतात’ हा शब्दही बरोबर नाही, सुरुवातीपासून ते लग्न वैध होतं का हे तपासतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये प्रक्रिया सोपी केली: आधी दोन न्यायालयांचे सारखे निकाल लागायचे, आता अपील झालं नाही तर एक पुरतो. आणि दोघांची संमती असेल आणि पुरावा अगदी उघड असेल तर छोटी प्रक्रिया आहे, ज्यात बिशप स्वतः न्यायाधीश असतात.

अपील करायचं झालं तर वसई, पुणे, नाशिकच्या निकालावर अपील मेट्रोपॉलिटनच्या, म्हणजे मुंबईच्या न्यायालयात जातं. प्रश्न १ मध्ये म्हटलं की मुंबई वसईचे आदेश फिरवू शकत नाही, हा त्याला अपवाद, कारण हा न्यायालयाचा निकाल आहे, कारभाराचा आदेश नाही.

आणि हे ठळक लक्षात ठेवा: चर्चचा निकाल म्हणजे सरकारी घटस्फोट नाही. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट सांगितलंय. कोर्टाचा डिक्री न घेता दुसरं लग्न केलं तर गुन्हा होऊ शकतो. दोन्हीकडचे कागद हवेत.

१२. आमच्या फादरांची बदली थांबवायला ४०० सह्यांचं निवेदन पाठवलंय, उपयोग होईल का?

मनापासून सांगते, बहुतेक वेळा नाही. फादर चांगले असतात म्हणूनच दुसरीकडे पण हवे असतात. नेमणूक हा बिशपचा अधिकार आहे. निवेदनापेक्षा उपयोगी पत्र वेगळं असतं: आमच्या पॅरिशमध्ये मराठी मिस्साला इतकी माणसं येतात, तरुणांचा अमुक उपक्रम सुरू झालाय, नवीन येणाऱ्या फादरना मराठी यावं. असं पत्र नेमणूक करणाऱ्याच्या हातात राहतं. विरोधाच्या पत्राने जाणाऱ्या फादरचीच पंचाईत होते, त्यांनीच लोकांना उठवलं असं कोणालातरी वाटतं.

उलट, फादर नको म्हणून तक्रार असेल तर आधी त्यांच्याशी, मग डीनशी (आजूबाजूच्या काही पॅरिशवर लक्ष ठेवणारे फादर) बोला, मग लिहा. गुन्ह्याची बाब असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि थेट प्रश्न १५ बघा.

१३. शाळेत ॲडमिशनसाठी आर्चबिशपचं शिफारसपत्र मिळेल का?

या एका कारणासाठी जेवढी पत्रं लिहून मागतात तेवढी दुसऱ्या कशासाठी नाही. आधी बघा शाळा कोणाची. महाधर्मप्रांताच्या शाळा त्यांच्या शिक्षण मंडळाखाली असतात. पण जेझुइट, सेल्शियन, धर्मभगिनींचे संघ यांच्या संस्था त्यांच्या त्यांच्या असतात, त्यांचा कारभार ते बघतात. आर्चबिशप त्यांचे मुख्याध्यापक नाहीत. पॅरिशच्या फादरकडून तुम्ही त्या पॅरिशचे कॅथलिक आहात असं पत्र घ्या, शाळेला तेच लागतं.

१४. पॅरिशची जमीन विकली जातेय असं ऐकलं. आर्चबिशप एकटे विकू शकतात का?

नाही, दोन्ही बाजूंनी बांधलेले असतात. चर्चच्या कायद्यात ठरलेल्या किमतीच्या वरची मालमत्ता विकायला अर्थसमिती आणि सल्लागार मंडळाची संमती लागते, आणि फार मोठी रक्कम असेल तर रोमची परवानगी. सरकारी बाजूने, सार्वजनिक ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायला महाराष्ट्रात १९५० च्या ट्रस्ट कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. म्हणून अफवेवर व्हॉट्सॲप फिरवण्याआधी पॅरिशच्या अर्थसमितीला लेखी विचारा, आणि ट्रस्टचा नोंदणी क्रमांक घेऊन धर्मादाय कार्यालयात अर्ज झालाय का ते बघा. आपल्या पूर्वजांनी, कोळी-आगरी-कुपारी लोकांनी, स्वतःच्या वाड्यातून काढून दिलेल्या या जमिनी आहेत, विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

१५. लहान मुलाशी गैरवर्तन झालंय आणि करणारा चर्चमधलाच आहे. आधी आर्चबिशपना कळवू का?

आधी पोलीस. पॉक्सो कायदा २०१२ चा आहे आणि त्याच्या कलम १९ नुसार ज्याला माहिती आहे त्याने कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा आहे. बिशप, फादर, सिस्टर, शिक्षक, कोणालाच यातून सूट नाही. लगेच मदत हवी तर १०९८ ला फोन करा. ‘चर्चचं नाव खराब होईल’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, मूल आधी.

पोलिसांसोबत चर्चला पण कळवा, कारण चर्चची चौकशी वेगळी चालते. प्रत्येक धर्मप्रांतात अशी तक्रार घ्यायची व्यवस्था असायलाच हवी, हा २०१९ चा नियम आहे आणि २०२३ मध्ये तो कायमचा झाला. आणि आरोप बिशपवरच असेल तर? इथे मेट्रोपॉलिटन आर्चबिशपचं पद खरंच कामाला येतं: तक्रार रोमला जाते आणि साधारणपणे चौकशी त्यांच्याकडे सोपवली जाते. आरोप खुद्द आर्चबिशपवर असेल तर ती रोमला आणि प्रांतातल्या सगळ्यात ज्येष्ठ बिशपकडे जाते. तक्रार करणाऱ्यावर गप्प राहायची अट घालता येत नाही, हेही त्याच नियमात आहे.

१६. उत्तरच आलं नाही, किती दिवस थांबायचं?

रीतसर अर्ज केला असेल तर तीन महिने. तेवढ्यात उत्तर नाही आलं तर नकार आला असं धरून तुम्हाला पुढे जाता येतं (कॅनन ५७). पण पुढे जायच्या आधी पोचपावती आहे ना बघा. स्पीड पोस्टने पाठवलेलं बरं.

तुमच्यावर परिणाम करणारा लेखी आदेश आला आणि तो मान्य नसेल तर मुदत फारच छोटी आहे. १० दिवसांत त्याच बिशपकडे लेखी मागायचं की आदेश मागे घ्या किंवा बदला. त्यांना ३० दिवस असतात. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही तर १५ दिवसांत वरच्या अधिकाऱ्याकडे. आणि वरचा अधिकारी म्हणजे मेट्रोपॉलिटन नव्हे, रोममधलं त्या विषयाचं कार्यालय. वसईची माणसं इथे मुंबईला जातात आणि १५ दिवस संपतात. माझ्या डोळ्यांसमोर एका गटाचं असं झालंय, बाजू खरी होती, मुदत गेली.

१७. घरात बाधा आहे, आर्चबिशप कोणाला पाठवतील का?

घराच्या आशीर्वादासाठी आणि प्रार्थनेसाठी पॅरिशचे फादर येतात, परवानगी लागत नाही. बाधा काढायचा मोठा विधी मात्र बिशपनी त्या खास प्रकरणात स्पष्ट परवानगी दिलेल्या धर्मगुरूलाच करता येतो. पैसे घेऊन कोणी फादर म्हणवणारा विधी करत असेल तर तो ओळखपत्र मागून तपासा. आजारी माणसाला डॉक्टरकडे न्या, मानसोपचाराच्या डॉक्टरकडे पण, प्रार्थना सोबत चालू राहते.

१८. आर्चबिशप निवृत्त झाले, आमची फाइल अर्धवट आहे, आता?

७५ झाली की राजीनामा पोपकडे पाठवायचा असतो, पण स्वीकारायचा कधी ते पोप ठरवतात. ओस्वाल्ड ग्रेशियस यांना डिसेंबर २०१९ मध्ये ७५ झाली आणि राजीनामा मंजूर झाला २५ जानेवारी २०२५ ला, पाच वर्षं मध्ये गेली. जॉन रॉड्रिग्ज, जे पुण्याचे बिशप होते, ते नोव्हेंबर २०२४ मध्येच उत्तराधिकाराच्या हक्कासह नेमलेले असल्यामुळे त्याच दिवशी ते आर्चबिशप झाले आणि पद एक दिवसही रिकामं राहिलं नाही. फाइली जशाच्या तशा चालू.

पद खरंच रिकामं झालं तर सल्लागार मंडळ आठ दिवसांत प्रशासक निवडतं. तो रोजचं काम बघतो पण नवीन काही सुरू करायचं नाही असा नियम आहे, म्हणजे नवी पॅरिश वगैरे विसरा. दाखले आणि लग्नासाठी लागणारी सूट, हे काम थांबत नाही. मिस्सात तेवढे दिवस बिशपचं नाव येत नाही, प्रश्न २ मधला नियम तिथे थांबतो.

१९. नवीन आर्चबिशप कोण व्हावेत हे आम्ही सुचवू शकतो का?

मतदान नसतं. प्रांतातले बिशप निदान तीन वर्षांनी योग्य धर्मगुरूंची यादी बनवतात, दिल्लीतले पोपचे राजदूत चौकशी करतात, तीन नावं रोमला जातात. चौकशीत प्रापंचिकांनाही गुप्त प्रश्नावली येऊ शकते. आली तर खरं लिहा आणि कोणाला सांगू नका. स्वतःहून राजदूतांना पत्र लिहायला बंदी नाही.

आपल्या मुंबईत तर एकेकाळी हे सरकारांमध्ये ठरायचं. १९२८ च्या करारानुसार मुंबईला एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश आर्चबिशप आळीपाळीने यायचे. त्या पाळीने १९३७ मध्ये आलेले थॉमस रॉबर्ट्स यांनी १९४६ साली व्हॅलेरियन ग्रेशियस यांना सहायक बिशप करून कारभार त्यांच्या हाती दिला आणि स्वतः मुंबई सोडली, भारतीय माणूस त्या जागी यावा म्हणून. १९५० मध्ये त्यांचा राजीनामा मंजूर झाला, पाळीचा करारही संपला आणि ग्रेशियस आर्चबिशप झाले. पद हातात असताना असं बाजूला होणारी माणसं फार थोडी, त्यांच्याबद्दल मला कायम आदर वाटतो.

२०. आमच्या गावच्या चर्चच्या सणाला आर्चबिशप यावेत असं वाटतं, बोलावणं कसं करायचं?

पत्र पॅरिशच्या फादरच्या सहीने जायला हवं, पॅरिश कौन्सिलच्या नाहीतर मंडळाच्या एकट्याच्या नाही. वर्षभर आधी पाठवा, दोन पर्यायी तारखा द्या, आणि मिस्सा कोणत्या भाषेत हवी ते लिहा. नाताळ, पवित्र आठवडा या दिवसांना कॅथेड्रल सोडून येणं अवघड असतं, त्या तारखा मागू नका. सहायक बिशप येतो म्हणाले तर आनंदाने हो म्हणा. मानधन किती हे पत्रात लिहू नका, जायच्या-यायच्या गाडीची सोय मात्र नक्की लिहा.